उभे छोटे व्हिडिओ नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. नेमके काय बदलावे?

प्रश्न: पायडल

जानेवारी 2025 पासून मी सायकलदुरुस्तीचे छोटे, उभे व्हिडिओ करत आहे. उतरलेली चेन बसवणे, सैल झालेली ब्रेकची तार ताणणे, पंक्चर काढणे, अशी घरच्या घरी करता येण्याजोगी कामे मी त्यांत दाखवतो. बहुतेक व्हिडिओ 40 ते 50 सेकंदांचे असून आतापर्यंत त्यांची संख्या नव्वदच्या घरात गेली आहे. एकच फाइल मी यूट्यूब शॉर्ट्सवर आणि इन्स्टाग्राम रील्सवर टाकतो. जे आधीपासून चॅनेलशी जोडलेले आहेत ते पाहतात, शंकाही विचारतात. परंतु नवा प्रेक्षक जवळजवळ येतच नाही. ज्या बिघाडावर मी व्हिडिओ केला आहे तो बिघाड स्वतः शोधून पाहिला, तरी माझा व्हिडिओ निकालांत दिसत नाही.

मी प्रत्येक व्हिडिओला पंचवीस-तीस हॅशटॅग देत आलो. कोणी सांगितले म्हणून ठरावीक वेळीच व्हिडिओ टाकण्याचा नेम पाळला, आणि न चाललेले काही व्हिडिओ काढून पुन्हा टाकले. एकदा तर (हे लिहिताना संकोच वाटतो) पैसे देऊन व्ह्यूज पुरवणाऱ्या एका सेवेचाही आधार घेतला. दोन दिवस आकडा वर गेला, मात्र एकही नवी शंका किंवा प्रतिक्रिया आली नाही आणि त्यानंतरचे व्हिडिओ पूर्वीपेक्षाही कमी चालले. आणखी एक कोडे असे की एप्रिल 2025 पासून यूट्यूबवरील व्ह्यूज एकदम वाढलेले दिसतात, पण सदस्यसंख्या आहे तिथेच आहे.

शीर्षक, हॅशटॅग, मुखचित्र (थंबनेल), वेळ, कॅप्शन यांपैकी खरोखर कशाला महत्त्व आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर: संकलन-टेबल

आपले सात-आठ व्हिडिओ पाहिले. माहिती चोख आहे, हात स्थिर आहे, आवाज स्पष्ट आहे. अडचण त्याच्या आधीच सुरू होते.

छोटा व्हिडिओ प्रेक्षकापर्यंत दोन दारांनी पोहोचतो. पहिले दार म्हणजे फीड: तिथे प्रेक्षकाने काहीही मागितलेले नसते, एकामागून एक व्हिडिओ त्याच्या समोर येत असतात आणि प्रत्येकाबाबत तो अंगठ्याने निवाडा करत असतो. दुसरे दार शोधाचे, जिथे प्रेक्षक स्वतःचा प्रश्न घेऊन येतो. शोधाविषयी इतर कोणी अधिक चांगले लिहील. मी फीडपुरते लिहितो.

फीडमध्ये व्हिडिओ पुढे आणखी लोकांना दाखवायचा की नाही, हे मुख्यतः आधी ज्यांना दाखवला त्यांच्या वागण्यावरून ठरते. जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या: किती वेळ पाहिले, किती लाइक आले आणि किती जणांनी तो दुसऱ्या कोणाला पाठवला. यांतली तिसरी गोष्ट नवख्यांपर्यंत पोहोचण्यासाठी विशेष उपयोगाची, कारण पाठवणारा माणूस आपला प्रेक्षक असला तरी ज्याला पाठवले तो बहुधा नसतो. यूट्यूबच्या स्टुडिओत (चॅनेल सांभाळण्याच्या आणि आकडे पाहण्याच्या साधनात) प्रत्येक शॉर्टखाली किती टक्के लोक थांबले आणि किती जणांनी तो सरकवून टाकला, हा आकडा मिळतो. व्ह्यूजच्या आधी तो पाहण्याची सवय लावावी.

आता आपला चेनचा व्हिडिओ घ्या. पहिली चार सेकंदे फिरणारे बोधचिन्ह आहे. मग आपण नमस्कार करता, चॅनेलचे नाव सांगता, आणि सायकल प्रथम दिसते ती नवव्या सेकंदाला. जो आपल्याला ओळखत नाही त्याच्या दृष्टीने ही नऊ सेकंदे रिकामी आहेत. तो सायकल दिसण्याआधीच पुढे गेलेला असतो आणि आपली सगळी कसब दाखवणारी पुढची चाळीस सेकंदे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हाच व्हिडिओ लोंबकळणाऱ्या चेनच्या जवळच्या दृश्याने सुरू करा: पायडल फिरते आहे, चाक हलत नाही, आणि आपला आवाज म्हणतो आहे, ‘चेन पुन्हा पुन्हा आतल्या बाजूलाच पडत असेल, तर चूक चेनची नाही.’ चॅनेलचे नाव एका कोपऱ्यात लहान अक्षरांत राहू द्या. शेवटची ‘आवडल्यास लाइक करा, धन्यवाद’ ही पाच-सहा सेकंदेही कापावीत. काम संपले की व्हिडिओ संपावा. निरोपाचा सूर लागला की लोक उठतात, हे सभेत जसे खरे तसेच इथेही.

विकत घेतलेल्या व्ह्यूजविषयी एवढेच की असा खोटा प्रतिसाद यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि त्यामुळे कारवाई होऊ शकते. पण त्याहून मोठे नुकसान आपले स्वतःचे आहे. त्या दिवसांचा थांबण्याचा आलेख आता निरुपयोगी झाला. त्यात माणसे किती आणि भाडोत्री किती, हे आपल्यालाच कळणार नाही.

उत्तर: शब्दकोडे

दुसऱ्या दाराविषयी मी लिहितो, कारण दुरुस्तीसारख्या विषयाला ते पहिल्याइतकेच, कदाचित अधिक, उपयोगी आहे. नाचगाण्याचा व्हिडिओ कोणी शोधून पाहत नाही. चेन अडकलेला माणूस मात्र शोधतोच.

आपल्या शीर्षकांपैकी एक आहे ‘हे पाहून थक्क व्हाल!’ आणि दुसरे ‘एका मिनिटात जादू’. या दोन्हींत सायकल नाही, चेन नाही, बिघाडही नाही. व्हिडिओ शोधाशी जुळतो की नाही हे ठरवताना यूट्यूब शीर्षक, वर्णन आणि व्हिडिओतील मजकूर पाहते, तेव्हा या शीर्षकांवरून ते कशाशी जुळवणार? यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण शॉर्टच्या खाली त्यातले सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. म्हणून बिघाडाचे नाव आधी आणि बाकीचे नंतर, असा क्रम ठेवावा.

हे शब्द कोठून आणायचे? आपल्याच प्रतिक्रियांमधून. मी त्या वाचल्या. आपण व्हिडिओत सतत ‘चेन घसरणे’ म्हणता, तर विचारणारे लिहितात ‘चेन सटकते’, ‘चेन उतरते’, एकाने तर ‘चेन खाली येते’ असे लिहिले आहे. शोधाच्या चौकटीतही लोक असेच लिहिणार. शीर्षकात एक शब्द, वर्णनाच्या पहिल्या ओळीत दुसरा आणि बोलताना तिसरा वापरला, तर कुठेही ओढूनताणून आणल्यासारखे न वाटता तिन्ही येतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका व्हिडिओत एकच प्रश्न असावा. चेनच्या त्या व्हिडिओत आपण तीन कारणे पन्नास सेकंदांत कोंबली आहेत. चेन मागच्या मोठ्या चक्रावरून आऱ्यांच्या बाजूला पडत असेल तर गिअरच्या यंत्रणेवरील ‘एल’ खुणेचा मर्यादा-स्क्रू (यंत्रणा त्या बाजूला किती सरकावी हे ठरवणारा) पाहायचा. लहान चक्रावरून फ्रेमच्या बाजूला पडत असेल तर ‘एच’ खुणेचा. आणि स्क्रू जागेवर असूनही त्रास होत असेल तर गिअरची यंत्रणा ज्या पट्टीवर बसते ती वाकली आहे का, ते तपासायचे. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते विचारणारी माणसेही वेगळी. ज्याची चेन आऱ्यांत जाते त्याला ‘सायकलची चेन आऱ्यांच्या बाजूला पडते? हा स्क्रू पाहा’ हे शीर्षक दिसले की तो दुसरीकडे वळणार नाही, आणि पहिल्याच सेकंदाला त्याला स्वतःचाच बिघाड दिसल्यामुळे तो थांबेलही. अशा रीतीने दोन्ही दारे शेवटी एकाच ओसरीवर उघडतात.

हॅशटॅगबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. तीस हॅशटॅग हा कंटाळ्याने केलेला नामजप आहे. विषय सांगणारे तीन-चार पुरेत. यूट्यूबवर साठहून अधिक दिल्यास सगळेच दुर्लक्षिले जातात. तिथे ‘टॅग’ नावाचा जो वेगळा रकाना असतो त्याची भूमिका अगदी किरकोळ असल्याचे यूट्यूब स्वतःच सांगते. नावाचे स्पेलिंग लोक हमखास चुकवत असतील तरच त्याचा उपयोग. इन्स्टाग्रामवर शोधासाठीचे शब्द कॅप्शनमध्येच लिहावेत, खाली प्रतिक्रियेत नव्हे, अशी त्यांची जुनी सूचना आहे. तसेच प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात नुसते ‘पायडल’ न ठेवता ‘पायडल: सायकलदुरुस्ती’ असे ठेवावे. खाते व्यावसायिक प्रकारचे आणि सार्वजनिक असल्यास 10 जुलै 2025 पासून त्यावरील व्हिडिओ गूगलच्या शोधातही येऊ शकतात. ती सोय सेटिंगमध्ये चालू आहे ना, ते एकदा पाहून घ्यावे.

उत्तर: नऊ-सोळा

वरील दोघांशी सहमत आहे, फक्त नमस्काराबाबत संकलन-टेबल यांच्याइतका कडक नाही. बिघाड पडद्यावर दिसत असताना पार्श्वभूमीला अर्ध्या सेकंदाचा नमस्कार आला तर काही बिघडत नाही. बोधचिन्ह मात्र जावेच.

चौकटीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आपण 1080 बाय 1920 मध्ये चित्रण करता हे योग्यच आहे, परंतु त्या चौकटीचा खालचा भाग शीर्षक आणि चॅनेलच्या नावाखाली झाकला जातो, आणि उजवी कड लाइक व शेअरच्या बटणांखाली. आपल्या ब्रेकच्या व्हिडिओत ‘तार येथे ताणा’ हा मजकूर आणि ज्या नटाविषयी तो आहे तो नट, दोन्ही नेमके या पट्ट्यात गेले आहेत. फोनवर मला फक्त ‘तार ये’ एवढेच वाचता आले. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यासाठी तो व्हिडिओ तिथेच संपला. मजकूर मध्यभागाच्या किंचित वर ठेवावा आणि संगणकाच्या पडद्यावर नव्हे, फोनवर तपासावा.

एकच फाइल दोन्हीकडे टाकण्यात गैर काही नाही, मात्र ती संपादकातून काढलेली मूळ फाइल असावी. एका मंचावरून उतरवून घेतलेली, त्याची खूण कोपऱ्यात मिरवणारी फाइल दुसरीकडे टाकू नये. अशा खुणेच्या आणि धूसर रील्स कमी लोकांना दाखवू, असे इन्स्टाग्रामने 2021 मध्येच जाहीर केले होते. आपल्या काही जुन्या रील्सवर अशी खूण दिसते.

मुखचित्राला फीडमध्ये फारसा अर्थ नाही, कारण तिथे व्हिडिओ आपोआप सुरू होतो. शोधाच्या निकालांत आणि चॅनेलच्या पानावर मात्र तेच पाहून लोक बोट ठेवतात. शॉर्टच्या मुखचित्रासाठी व्हिडिओतले दृश्य निवडायचे ते फोनवरून व्हिडिओ टाकतानाच निवडावे.

पायडल

तिघांचेही आभार. नववा सेकंद वाचून प्रथम राग आला, मग मोजून पाहिले तर खरेच निघाले. स्टुडिओत त्या व्हिडिओला थांबणाऱ्यांपेक्षा सरकवणारे जास्त आहेत. दोन शंका राहिल्या: जुने नव्वद व्हिडिओ काढून टाकून नव्याने करावेत का? आणि एप्रिल 2025 मधली ती वाढ कशाची होती?

उत्तर: संकलन-टेबल

वाढ मोजण्याच्या पद्धतीतली आहे. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की प्रत्येक वेळी एक व्ह्यू धरला जातो, किमान किती वेळ पाहिले याची अट राहिलेली नाही. जुन्या पद्धतीच्या जवळचा आकडा स्टुडिओच्या विश्लेषणात वेगळा दिला जातो. आपल्या आधीच्या आणि नंतरच्या व्हिडिओंची तुलना त्याच आकड्यावरून करावी.

जुने व्हिडिओ काढू नयेत. दुरुस्तीचा व्हिडिओ शिळा होत नाही. शोधातून तो वर्षभरानेही सापडतो, आणि काढला की त्याखालच्या प्रतिक्रिया, म्हणजे वर म्हटलेला शब्दसाठा, त्याच्याबरोबर जातो. शीर्षके आणि वर्णने मात्र जागच्या जागी बदलता येतात, तेवढे करावे. ज्यांची सुरुवातच फसली आहे असे दहा-बारा निवडून, त्यांचे नवे चित्रण वेगळा व्हिडिओ म्हणून टाकावे. टाकण्याच्या वेळेची चिंता सोडावी; दीर्घकालीन प्रेक्षकसंख्येवर वेळेचा थेट परिणाम होत असल्याचे आढळलेले नाही, असे यूट्यूबच्याच मदतीच्या पानांवर म्हटले आहे.

एक सोय आपण वापरलेली दिसत नाही. शॉर्टच्या वर्णनातील आणि प्रतिक्रियांतील दुवे 31 ऑगस्ट 2023 पासून दाबता येत नाहीत, तरीही आपण ते अजून देत आहात. त्याऐवजी स्टुडिओत ‘संबंधित व्हिडिओ’ जोडता येतो. ‘एल’ स्क्रूच्या शॉर्टला ‘एच’ स्क्रूचा जोडा, आणि ‘एच’ स्क्रूच्या शॉर्टला आपला तो गिअरचा बारा मिनिटांचा सविस्तर व्हिडिओ. इन्स्टाग्रामवर नव्या सुरुवातीची परीक्षा घ्यायची असेल, तर आपल्या खात्याला ‘ट्रायल रील’ उपलब्ध आहे का ते पाहा. डिसेंबर 2024 मध्ये आलेली ही सोय व्हिडिओ आधी आपले अनुयायी नसलेल्यांनाच दाखवते. आपल्याला हवा तोच प्रेक्षक तिथे आयता मिळतो.

पायडल

चेनच्या व्हिडिओचे तीन तुकडे करायला घेतले आहेत. आऱ्यांच्या बाजूचा पहिला, कारण प्रतिक्रियांत त्याविषयीच सर्वाधिक विचारणा आहे. ‘सटकते’ हा शब्द शीर्षकात घेतला आहे. ट्रायल रील माझ्या खात्यावर दिसते आहे. आधी त्यात टाकतो आणि थांबणाऱ्यांचा आकडा आठवड्याने इथे लिहितो.