इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सची जोडपदवी (ऑस्ट्रेलिया): पाचवे वर्ष घालावे का?

नमस्कार. आम्ही मेलबर्नमध्ये राहतो. मुलगी यंदा बारावीला असून स्पेशालिस्ट मॅथ्स, मॅथमॅटिकल मेथड्स आणि फिजिक्स हे तिचे मुख्य विषय आहेत. व्हीटॅकच्या (व्हिक्टोरियातील विद्यापीठ-प्रवेशाच्या केंद्रीय संस्थेच्या) अर्जात आठ पसंतिक्रम देता येतात. त्यांतल्या पहिल्या दोन-तीन जागी काय लिहावे, यावर घरात एकमत होत नाही. ज्यांनी स्वतः हा अभ्यासक्रम केला आहे किंवा ज्यांची मुले करीत आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

तिचा ओढा मोनॅश विद्यापीठाच्या क्लेटन कॅम्पसमधील इंजिनिअरिंग (ऑनर्स) आणि कॉम्प्युटर सायन्स या पाच वर्षांच्या जोडपदवीकडे आहे. चार वर्षांची नुसती इंजिनिअरिंगची पदवी पुरेशी आहे, असे माझे मत होते, म्हणून आम्ही दोघांनी दोन्ही पदव्यांचे विषयवार तक्ते छापून घेतले आणि जे विषय दोन्हीकडे येतात त्यांच्यावर लाल पेन्सिलीने खुणा करीत बसलो. तेथे एक विषय 6 क्रेडिट पॉइंटांचा आणि पूर्ण वर्ष 48 पॉइंटांचे असते. एकेकटी घेतल्यास इंजिनिअरिंगची पदवी 192 पॉइंटांची आणि कॉम्प्युटर सायन्सची 144 पॉइंटांची. बेरीज 336 होते, पण जोडपदवी मात्र 240 पॉइंटांत हाती पडते. म्हणजे 96 पॉइंट, अर्थात सोळा विषय, मधल्या मध्ये गळतात. गणित आणि सुरुवातीचे प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे मोजले जाते हे समजण्यासारखे आहे, परंतु उरलेली बहुतेक गळती ऐच्छिक विषयांची आहे, असे आम्हाला दिसते. पाच वर्षे शिकून आवडीचा एखादा विषय घ्यायला जागाच उरणार नसेल, तर हा सौदा कितपत फायद्याचा?

शाखेचा प्रश्न याहून अवघड वाटतो. पहिले वर्ष सामायिक असल्यामुळे शाखा नंतर निवडायची आहे, पण तिच्या मनात इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर सिस्टिम्स आहे. त्या शाखेत प्रोग्रॅमिंग, डिजिटल सर्किट आणि एम्बेडेड सिस्टिम्स (उपकरणांत बसवलेले छोटे संगणक) आधीच येतात, त्यामुळे सोबतच्या कॉम्प्युटर सायन्समधून खरोखर नवे काय मिळते, हे मला कळत नाही. मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांना जोडपदवीचा उपयोग अधिक होत असावा, असा माझा तर्क आहे.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचाही विचार चालू आहे. तेथे 2019 पासून वर्ष तीन टर्ममध्ये विभागलेले असून प्रत्येक टर्ममध्ये दहा आठवडे शिकवतात, शिवाय इंजिनिअरिंगसाठी 60 दिवसांचे औद्योगिक प्रशिक्षण सक्तीचे आहे. अर्ज यूएसी या तिकडच्या प्रवेशसंस्थेमार्फत वेगळा करावा लागेल; त्याचे काही नाही, पण सिडनीचे घरभाडे ऐकून उत्साह मावळतो. मेलबर्न विद्यापीठात 2008 पासून आधी तीन वर्षांची सर्वसाधारण पदवी आणि मग दोन वर्षांचे मास्टर ऑफ इंजिनिअरिंग, अशी पद्धत आहे. वर्षे तेथेही पाचच, परंतु इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या व्यावसायिक संस्थेची मान्यता मास्टर्सला असते, त्यामुळे तीन वर्षांनी बाहेर पडल्यास ती हाती लागत नाही.

पैशाचे गणितही सांगतो. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटिंग यांना विद्यार्थ्याचा शुल्कवाटा सारखाच लागतो, त्यामुळे पाचवे वर्ष म्हणजे सरळ आणखी एका वर्षाचे शुल्क. आम्ही अजून पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) आहोत. सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते, पण हेक्सचे (शुल्कासाठीचे सरकारी) कर्ज नागरिकत्वाशिवाय मिळणार नाही, म्हणून रक्कम दर सत्राला रोख भरावी लागेल. त्यामुळे हे वर्ष केवळ 'दोन प्रमाणपत्रे बरी दिसतात' म्हणून घालवण्याची माझी तयारी नाही. सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यांच्या सीमेवर काम करणाऱ्यांना नोकरीत या जोडपदवीचा फरक पडला का, हे कृपया लिहावे.

प्रतिसाद

आपला गळतीचा हिशेब योग्य आहे, पण निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला अल्गोरिदम, डेटाबेस आणि संगणनाचा सिद्धांत हे सहसा खोलात जाऊन शिकवले जात नाहीत, आणि सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत नेमके तेच विचारतात. माझ्या मते जोडपदवी पहिल्या क्रमांकावर ठेवावी आणि तिच्याखाली नुसती इंजिनिअरिंग. मध्येच एक पदवी सोडणे हे नंतर दुसरी जोडण्यापेक्षा सोपे असते. डिसेंबरात एटार (बारावीनंतरचा प्रवेशासाठीचा क्रमांक) लागल्यावर पसंतिक्रम बदलण्याची मुदत मिळतेच. मात्र ओपन डेला (विद्यापीठ पाहायला बोलावतात त्या दिवशी) दोन गोष्टी विचारून घ्या: अंतिम वर्षाचा प्रकल्प दोन्ही पदव्यांसाठी एकच धरतात का, आणि कोणते विषय वर्षातून एकाच सत्रात असतात. असा एखादा विषय राहिला आणि पुढचे विषय त्याच्यावर अवलंबून असले, तर पाचाची सहा वर्षे व्हायला वेळ लागत नाही. आणि नागरिकत्वाचा अर्ज लांबवू नका. सत्राच्या सेन्सस डेटपर्यंत (त्या सत्राचे शुल्क पक्के होण्याच्या तारखेपर्यंत) नागरिकत्व मिळाले असेल, तर त्या सत्रापासून हेक्स घेता येते.

मूळ लेखक

मनःपूर्वक आभार. सेन्सस डेटचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. एकाच सत्रात असणारे विषय विद्यापीठाच्या हँडबुकमध्ये दिलेले दिसतात, ते आज रात्रीच तपासतो. डेटाबेस आणि सिद्धांताचे विषय चार वर्षांच्या पदवीत ऐच्छिक म्हणून कोणी घेतले असल्यास, त्यांचा अनुभवही वाचायला आवडेल.