हातात आलेला भाव किती शिळा होता? शेअरचे चालू भाव दाखवणाऱ्या खिशातल्या उपकरणांचे अनुभव

मुंबई शेअर बाजारातील, ओरडून सौदे करण्याचे रिंगण १९९५ साली संगणकाच्या पडद्यावर गेले आणि पेजर (फक्त निरोप दाखवणारे छोटे यंत्र) व मोबाइल फोनही त्याच सुमारास शहरात आले. भाव एका जागेवरून सुटला, त्याच वेळी त्याला खिशात ठेवण्याची सोय झाली. आपल्याकडे असलेले उपकरण कोणते होते, भाव आपल्यापर्यंत पोचेपर्यंत किती शिळा झालेला असे आणि त्या भावाच्या भरवशावर आपण काय केलेत, हे कृपया येथे लिहावे. कोणता शेअर घ्यावा, हा या धाग्याचा विषय नाही.

गिरगाव, दलालाच्या पेढीतील निवृत्त कारकून

मी १९८४ साली दलाल स्ट्रीटवरील एका पेढीत लागलो. त्या काळी रिंगणात उभा असलेला तारवणीवाला, म्हणजे जॉबर, घेण्याचा आणि विकण्याचा असे दोन भाव बोलत असे आणि आमच्या पेढीचा माणूस ते ऐकून सौदा करीत असे. सौदा छोट्या वहीत पेन्सिलीने टिपायचा, नंतर समोरच्या पेढीच्या वहीशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही तर तो वांधा. फिरते उपकरण विचाराल, तर ते आमच्या पेढीतला एकोणीस वर्षांचा पोऱ्या होता. रिंगणातून चिठ्ठी घेऊन तो पळत निघे आणि लिफ्टने अकराव्या मजल्यावर येई. लिफ्ट वर गेलेली असली, तर चिठ्ठीवरचा भाव खालीच शिळा होई. ग्राहकाला तो फोनवर सांगताना आमचे शेठ “आत्ताचाच आहे” असे म्हणत आणि त्यात त्यांना काही खोटे वाटत नसे.

१४ मार्च १९९५ रोजी बोल्ट ही संगणकीय पद्धत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मी स्वतःसाठी पेजर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा आणि आत एक पेन्सिल सेल. एसीसी, टिस्को (आताची टाटा स्टील), रिलायन्स अशी कंपन्यांची त्रोटक नावे आणि त्यांपुढे आकडे एका ओळीत सरकत जात. माझ्या पेजरसेवेत ते साधारण अर्ध्या तासाने येत, त्यामुळे मधल्या वेळेत काय झाले ते पेजरला ठाऊक नसे. खरी अडचण मात्र निराळी होती. पेजरवर निरोप येत असे, जात नसे. भाव खिशात वाजे, पण सौदा सांगायला पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करण्याचे सार्वजनिक ठिकाण, गाठावा लागे. एकदा माझी रजा असताना अंधेरी स्थानकाबाहेर मला टिस्कोचा चांगला भाव दिसला. पीसीओवर माझ्यापुढे तिघे जण होते आणि त्यांतल्या एका बाईंचे गावाकडचे बोलणे काही संपेना. माझा फोन लागेपर्यंत भाव चार रुपयांनी खाली आला होता. तरीही मी विकले, कारण मागे आणखी पाच जण उभे होते आणि विचार करायला तिथे जागा नव्हती.

धागाकर्ता

आपण त्या वेळी मोबाइल का घेतला नाही, हे जाणून घ्यायला आवडेल.

गिरगाव, दलालाच्या पेढीतील निवृत्त कारकून

बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. येणारे फोन फुकट झाले ते २००३ साली. माझ्यासारख्याच्या पन्नास शेअरांच्या सौद्यात एवढा खर्च बसत नव्हता.

एडिसन, न्यू जर्सी

मी १९९४ ते १९९९ या काळात दुपारच्या पाळीसाठी न्यूयॉर्कला रेल्वेने जात असे. सोबतच्या एका प्रवाशाकडे क्वोट्रेक नावाने ओळखले जाणारे हातात मावणारे यंत्र होते. ते पाहून मीही जुने एक विकत घेतले. एफएम केंद्राच्या लहरींवर, गाण्यांच्या सोबतीने पण साध्या रेडिओला ऐकू न येणाऱ्या भागात, शेअरचे भाव पाठवले जात आणि हे यंत्र तेवढेच उचलून पडद्यावर मांडत असे. ताज्या भावासाठी शेअर बाजाराचे वेगळे मासिक शुल्क भरावे लागे. ते न भरणाऱ्यास पंधरा-वीस मिनिटे उशिराचे भाव मिळत. तेव्हा अमेरिकेत भाव अपूर्णांकात असत, सत्तेचाळीस पूर्णांक तीन अष्टमांश अशा धाटणीचे. १९९७ साली अष्टमांशाचे षोडशांश झाले आणि २००१ मध्ये दशांश आले. शाळेत अपूर्णांकांचा कंटाळा करणारा मी रेल्वेत बसून अष्टमांशांची वजाबाकी करीत असे.

मॅनहॅटनला पोचण्याआधी गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यात शिरते. तिथे रेडिओची लहर पोचत नसे, पण यंत्राचा पडदा काही रिकामा होत नसे. शेवटचा भाव तसाच उभा राही. आकडा हलत नाही म्हणजे बाजार शांत आहे की आपण पाण्याखाली आहोत, हे खिडकीबाहेर पाहूनच ठरवावे लागे.

सांगली

माझे उपकरण म्हणजे साधा, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा मोबाइल. कंपनीचे संक्षिप्त नाव चार आकडी क्रमांकावर पाठवले की भावाचा संदेश परत येई आणि प्रत्येक संदेशाला नेहमीपेक्षा जास्त पैसे कापले जात. १७ मे २००४ रोजी, सोमवारी, केंद्रात नवे सरकार बनण्याच्या हालचाली चालू असताना बाजार कोसळला. मी महाविद्यालयाच्या कार्यालयातून चोरून संदेश पाठवत होतो आणि मला एकच भाव चार वेळा परत आला. सेवा बिघडली असे समजून मी चिडलो आणि मागवणे थांबवले. प्रत्यक्षात त्या दिवशी बाजारातील व्यवहार दोनदा थांबवावे लागले होते, म्हणजे मला मिळालेला भाव अगदी बरोबर होता. त्या क्षणी दुसरा भावच नव्हता. मुंबई बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ५६४ अंकांनी खाली बंद झाल्याचे रात्री दूरदर्शनवर कळले. संदेशांचे पैसे मात्र चारही वेळचे गेले.

पुणे

माझी गोष्ट वरच्या गोष्टीच्या नेमकी उलटी आहे. मोबाइलवरून थेट सौदे करण्यास शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१० साली परवानगी दिली. मी बाजारात आलो तो त्यानंतर, त्यामुळे भाव पाहणे आणि सौदा करणे ही माझ्या दृष्टीने एकाच बोटाची कामे आहेत. १३ मार्च २०२० रोजी सव्वानऊला बाजार उघडताच राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी दहा टक्क्यांनी घसरला आणि नियमाप्रमाणे व्यवहार पंचेचाळीस मिनिटांसाठी थांबले. माझ्या ॲपवरचे सगळे आकडे गोठले, ते योग्यच होते. व्यवहार पुन्हा सुरू झाल्यावरही ते गोठलेलेच राहिले, आणि बंदी अजून चालू आहे या समजुतीने मी चहा प्यायला गेलो. बंद पडले होते ते ॲप. बाजार तेवढ्या वेळात वर चढत होता आणि दिवसअखेर सेन्सेक्स तेराशेहून अधिक अंकांनी वर बंद झाला. मी खालच्या भावात घ्यायचे ठरवलेले शेअर घेता आलेच नाहीत. ॲप कोणाचे होते ते येथे सांगत नाही. त्या दिवशी तक्रार करणारा मी एकटा नव्हतो.

तेव्हापासून भावापेक्षा त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेली शेवटच्या सौद्याची वेळ मी आधी वाचतो. ‘लाइव्ह’ या शब्दाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. आपल्या मोबाइलवर प्रत्येक सौदा येत नाही. एका सेकंदात एकाच शेअरचे अनेक सौदे होतात आणि ॲप त्यांतील शेवटचा दाखवून पुढे जाते. प्रत्येक सौद्याची माहिती शेअर बाजाराच्याच आवारात संगणक ठेवणाऱ्या मोठ्या संस्थांकडे जाते. लिफ्टजवळ ताटकळलेल्या त्या पोऱ्याचा अनुभव वाचताना मला हेच आठवले.

नाशिक, शिक्षिका

मनगटी घड्याळावर भावाची सूचना लावली होती. नववीच्या वर्गात ते तासाला सहा वेळा थरथरले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने “बाई, तुमचा शेअर पडला का?” असे विचारले. त्याच मधल्या सुट्टीत सूचना बंद केली.

ठाणे

माझी दृष्टी २०११ साली गेली. पेजर मी कधी वापरला नाही आणि आताचा मोबाइल मी ऐकतो. स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, परंतु चालू भाव हा मजकूर जागेवर थांबतच नाही. आवाज “दोन हजार चारशे” म्हणेपर्यंत पुढचे रुपये-पैसे बदललेले असतात, वाचन अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा “दोन हजार” पासून सुरू होते. वर इतरांनी भाव शिळा मिळाल्याचे लिहिले आहे. माझी तक्रार तो अति ताजा असल्याची आहे. काही दिवस मी पत्नीला वाचायला सांगत असे, पण तीही दर वेळी “थांबा, बदलला” असेच म्हणायची. आता मी त्या शेअरचे पान उघडतो आणि मोबाइलचा डेटा बंद करतो. आकडा उभा राहतो, मी तो पैशांपर्यंत पूर्ण ऐकतो, घ्यायचा भाव मनाशी ठरवतो आणि मग डेटा पुन्हा चालू करून मर्यादा भावाची, म्हणजे ठरवलेल्या भावापेक्षा महाग न घेण्याची, ऑर्डर टाकतो.