हँडलची खिडकी: हँडल फिरतं, पल्ला पुरता येत नाही

सागवान: लाकडी चौकट, पल्ल्याला एका बाजूला बिजागऱ्या. बंद करायला हँडल फिरवलं की पल्ला बराचसा आत येतो, पण शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला हँडल नुसतंच गरगर फिरतं. मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीला घासतो. दुसरी खिडकी वर बिजागरी असलेली, खालून बाहेर उघडते. ती फार जड चालते. गिअरबॉक्स (हँडलखालची, पल्ला ढकलणारी दात्यांची पेटी) बदलू का?

रंधा: आधी हँडल तपासा. त्याचा छोटा स्क्रू सैल करून हँडल ओढून काढा आणि आतले दाते बघा. हँडल ज्यावर बसतं त्या दांड्याच्या मानाने हँडलचा धातू बऱ्याचदा मऊ असतो, म्हणून तेच आधी गुळगुळीत होतं. मग उघडा पडलेला दांडा पकडीने धरून फिरवा. पल्ला नीट आला तर फक्त हँडल बदला. दांडा फिरतोय आणि कट-कट आवाज करत पल्ला जागीच, तर गिअरचे दाते गेलेत. ग्रीस घालून झिजलेले दाते परत येत नाहीत.

गिअरबॉक्स काढायचा तर पल्ला इतका उघडा की गिअरबॉक्सच्या हाताच्या (पल्ला ढकलणाऱ्या धातूच्या दांडीच्या) टोकाची सरकती गुंडी पल्ल्याच्या कडेला बसवलेल्या पट्टीतल्या खाचेसमोर येईल. हा हात खाली दाबला की गुंडी सुटते. त्यानंतर पल्ला वाऱ्यावर मोकळा असतो, कुणीतरी धरायला हवं. नवीन घेताना जुना सोबत न्या: डावा-उजवा, हात एक की दोन, हाताची लांबी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, दांड्याची जाडी. यातलं एक जरी चुकलं तरी बसत नाही.

पाचर: रंधा यांचं बरोबर आहे, पण घासणारा कोपरा तसाच ठेवून गिअर बदलला तर नवाही झिजेल. पल्ला उघडून मोकळी कड हाताने वर उचलून बघा. बिजागरी हलली तर दोष तिथे: स्क्रू आवळा. भोकं सैल झाली असतील तर लाकडाच्या काड्या डिंकात बुडवून ठोका, सुकल्यावर बारीक भोक पाडून तोच स्क्रू बसवा.

बिजागरी घट्ट, तरी कोपरा खालीच असेल तर बहुतेक काचेचे गुटके, म्हणजे काच आणि पल्ल्याची चौकट यांमध्ये बसवलेले छोटे तुकडे, सरकलेत. एक गुटका हवा बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या तिरका समोर, मोकळ्या बाजूला वर. काच अशी तिरकी अडकली की पल्ला झुकत नाही.

कडी: एक मुद्दा राहिला. शेवटचा घट्टपणा आणणं हे कडीचं काम. हँडलने जोर लावून पल्ला आवळत राहिलं की दाते तुटतात.

वर बिजागरी असलेल्या खिडकीचे हात पल्ल्यापासून सोडवण्याआधी पल्ल्याखाली भक्कम टेका द्या, आणि एकट्याने करू नका. काचेसकट सगळं वजन एकदम हातात येतं. जड चालण्याचं कारण बहुतेक वेळा पट्टीतली माती. ब्रशने खरवडून काढा, कोरड्या फडक्याने पुसा, मग सिलिकॉन स्प्रे. साधं तेल नको, धूळ धरतं.

सागवान: पकडीने फिरवल्यावर कट-कट आली. त्याच पहिल्या खिडकीच्या वरच्या बिजागरीचे दोन स्क्रूही नुसते फिरतात. आधी काय?

पाचर: आधी बिजागरी. डिंक पूर्ण सुकू द्या. कोपरा घासायचा थांबल्यावरच गिअरबॉक्स बसवा. त्याचे स्क्रू अर्धेच आवळून खिडकी एकदा पूर्ण बंद-उघड करा, चारही बाजूंची फट सारखी दिसली की मग पूर्ण आवळा.