भंगार वेचणाऱ्यालाच दोषी कसे धरता?

वर्धेकर, मानेवाडा: 'लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानावर भंगार वेचणारे मरण स्वतःच ओढवून घेतात, त्यांना सरकारने भरपाई का द्यावी?' ही कालची पोस्ट वाचून राहवले नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण गेले. त्यांत ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणारे आसपासच्या गावांतले मजूर होते. उडवलेल्या काडतुसांच्या पितळेच्या पुंगळ्या किलोवर विकल्या की घरात तेलमीठ येते, म्हणून माणसे वाकतात. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बपैकी न फुटलेले आजही भंगार गोळा करणाऱ्यांचा जीव घेतात, तेही पोटासाठीच.

निवृत्त सुभेदार, काटोल रोड: मजुरांची आणि भंगारवाल्यांची गल्लत करू नका. गोळीबार सुरू असल्याचा लाल झेंडा लावलेला असताना जो आत शिरतो, त्याची जबाबदारी फौजेवर कशी? आणि आता कोणी माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा कराराचा विषय काढण्याआधीच सांगतो, भारताने त्यावर सही केली नाही, हेच योग्य झाले. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे २००१-०२ मध्ये फौज पाकिस्तानच्या सीमेवर उभी केली तेव्हा, तिथे सुरुंग पेरले, ते हौसेने नव्हे.

ज्योत्स्ना, सक्करदरा: सुभेदारसाहेब, त्या सुरुंगांनी आपलेच शेतकरी आणि ते काढणारे आपलेच जवान जखमी झाले, हेही सांगा. माझ्या भाच्याने गडचिरोलीकडे बांबूच्या बेटात सापडलेला डबा उघडला. नक्षल्यांच्या त्या स्फोटकाने त्याचा एक डोळा आणि दोन बोटे गेली. तिथे कोणता झेंडा होता? नक्षली हिंसेत आणि सुरुंगस्फोटात सापडलेल्या नागरिकांसाठी केंद्राची मदत योजना आहे, पण कायमचे अपंगत्व ५० टक्के भरावे लागते. एका डोळ्याचे ३० टक्के धरतात. नागपुरात एका रुग्णालयाच्या खिडकीवर त्याचा हात उलटापालटा करून पाहिला आणि 'बसत नाही' म्हणून कागद परत दिला.

निवृत्त सुभेदार, काटोल रोड: ताई, वाईट वाटले. तरीही मर्यादा कुठेतरी ठेवावीच लागते.

ज्योत्स्ना, सक्करदरा: शिलाईचे काम शिकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला सुईत दोरा ओवता येत नाही, तरी तो तुमच्या मर्यादेच्या बाहेर! वाईट वाटून त्याचे औषध येत नाही.

वर्धेकर, मानेवाडा: आणि सरावाच्या मैदानावरचा गोळा फुटला, तर या योजनेच्या दारातही उभे राहता येत नाही.

निवृत्त सुभेदार, काटोल रोड: आवाज चढवून नियम बदलत नाहीत. तरी एवढे मान्य करतो की सराव संपल्यावर मैदान पूर्ण तपासून न फुटलेले गोळे तिथेच निकामी करणे हे फौजेचे काम आहे, आणि ते राहिले तर पोराला दोष देता येणार नाही. सहीबाबत मात्र माझे मत तेच आहे.

ज्योत्स्ना, सक्करदरा: सही ठेवा बाजूला. ५० टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांचा खर्च कोणी द्यायचा, तेवढे सांगा.