सातारा–शिरवळ रोजची ये-जा: इलेक्ट्रिक गाडीने खर्च आणि धूर दोन्ही खरंच कमी होतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहते, नोकरी शिरवळ एमआयडीसीत. शिफ्ट अशी आहे की कंपनीची बस उपयोगी पडत नाही, आणि एसटीने गेलं तर फाट्यापासून पुढे रिक्षा शोधावी लागते. त्यामुळे जुनी पेट्रोल गाडी एकटीच घेऊन जाते. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, महिन्याला तीन हजार किलोमीटरच्या घरात. १७ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर रोजचं ७ लिटर पेट्रोल. पगारातले अठरा हजार नुसते टाकीत जातात, टोल वेगळाच.

आता गाडी बदलायचीच आहे. एकीकडे सीएनजी, दुसरीकडे सेकंडहँड टियागो ईव्ही (इलेक्ट्रिक), २४ किलोवॉट-तासांची म्हणजे २४ युनिटची बॅटरी असलेली. पैसे वाचावेत असं वाटतंच, पण रोज एकटीसाठी एवढा धूर सोडणं मनाला पटत नाही. कोरेगावकडे आमची थोडी शेती आहे. अवकाळीने घेवडा हातचा गेला की घरात काय वातावरण असतं ते मी पाहिलंय, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही.

अडतंय ते इथे. संध्याकाळी परत येताना खंबाटकी चढून यावं लागतं, त्यात बॅटरी किती संपेल? सोसायटी बारा फ्लॅटची आहे. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट घ्यायला चेअरमन काका नको म्हणतात, त्यांना आगीची भीती वाटते. आणि भाऊ म्हणतो, "वीज कोळशाचीच आहे, धूर इथला चंद्रपूरला गेला एवढंच." त्याला काय उत्तर द्यावं मला कळत नाही. ज्यांनी हायवेवर रोज ईव्ही वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माणदेशी:
ताई, घाटाची काळजी सोडा. माणसांसकट दीड टनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. शिवाय उताराला मोटर जनरेटरसारखी चालून त्यातली थोडी बॅटरीत परत येते. खरी बॅटरी खातो तो वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० आणि १०० मध्ये फार फरक पडतो. ८० च्या आसपास ठेवलीत तर युनिटला सात किलोमीटर धरायला हरकत नाही, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून १७ युनिट. २४ च्या बॅटरीत हे बसतं, पण सेकंडहँड घेताय तर बॅटरीची तब्येत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून कागदावर घ्या. वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. तुमचं रनिंग बघता किलोमीटर आधी संपतील, त्यामुळे आधीच्या मालकाने किती चालवली ते नीट बघा.

टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढा, एकदाच पैसे भरून २०० फेऱ्या. सीएनजी घ्या की ईव्ही, दोन्हींना तो मिळतो.

वीजवाला_कराड:
मी वायरिंगची कामं करतो, म्हणून बिलावर लिहितो. इथेच बरेच जण फसतात. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर रोजचे १९ युनिट धरा. महिन्याला पावणेपाचशे. ते घरच्या मीटरवर चढले की तुम्ही थेट वरच्या स्लॅबमध्ये जाता, आणि महावितरणचा ३०० युनिटच्या पुढचा दर खालच्या स्लॅबपेक्षा बराच जास्त आहे. युनिटला सगळं मिळून पंधरा रुपये धरले तर अंदाजे सात हजार वाढतील. सीएनजीला किलोमागे २५ चं अ‍ॅव्हरेज आणि नव्वदच्या आसपासचा भाव धरला तर पावणेअकरा हजार. फरक आहे, पण विक्रेते सांगतात तेवढा नाही. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्या वर्गाला घरगुती स्लॅब लागत नाहीत. महावितरणच्या ऑफिसात त्याचा दर आणि स्थिर आकार विचारून दोन्ही ताडून बघा.

चेअरमन काकांची भीती मात्र अगदी अनाठायी नाही. गेल्या उन्हाळ्यात एका पार्किंगमध्ये गेलो तर गाडी साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावलेली. प्लगची एक पिन काळी पडलेली, प्लास्टिक मऊ होऊन सॉकेटला चिकटलेलं. दोष गाडीचा नव्हता, वायर बारीक होती. रात्रभर सलग पूर्ण लोड ओढणारं घरात दुसरं काही नसतं. त्यामुळे मीटर रूमपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट, स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) घ्या. अर्थिंगचा खड्डा वेगळा करा. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, तो जास्त असेल तर गाडी चार्जिंगच घेणार नाही. काकांना हे काम समोर उभं करून दाखवा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, पण त्यांच्याशी भांडून नको, समजावून करा.

रानवारा:
भावाला उत्तर देऊया, कारण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आपल्या ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. १९ युनिटचे झाले पावणेचौदा किलो. तुमच्या ७ लिटर पेट्रोलचे, लिटरला २.३ प्रमाणे, सोळा किलो. तेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा धूर त्यात मिळवला तर एकोणीस-वीस. म्हणजे पेट्रोलपेक्षा नक्की कमी, पण सीएनजीच्या जवळपास बरोबरीला. शिवाय बॅटरी बनवताना झालेला धूर फेडायला तुमच्या रनिंगला वर्ष-दीड वर्ष जाईल. कोयना धरण आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून आपल्या प्लगात तिचीच वीज येते असंही नाही. कोयना मुख्यतः संध्याकाळच्या वाढत्या मागणीला चालवतात, आणि ग्रिडमध्ये सगळी वीज मिसळलेलीच असते.

पण इथेच थांबू नका. पेट्रोल जाळण्याच्या पद्धतीत तुम्हाला काही बदलता येत नाही, वीज कुठून आणि कधी घ्यायची हे मात्र तुमच्या हातात आहे. तुमच्या कंपनीच्या छतावर सोलर आहे का? असेल तर एचआरला फक्त एक साधा १५ अँपिअरचा पॉइंट मागा. आठ तासांच्या शिफ्टमध्ये वीसेक युनिट भरतात, म्हणजे तुमची अख्खी दिवसाची गरज, तीही भर उन्हातल्या विजेवर. स्लॅबचा प्रश्नही तिथेच सुटतो. सोसायटीसाठी पीएम सूर्यघर योजनेत सामाईक वापराच्या सोलरला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि ईव्ही चार्जिंग त्यात धरलेलं आहे.

कृष्णाकाठ:
एक राहिलं. चौघं मिळून तुमच्या जुन्या पेट्रोल गाडीतून गेलात तर माणशी चार-पाच किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, एकट्याच्या ईव्हीपेक्षा कितीतरी कमी. गाडी कुठलीही घ्या, सीटा भरा. भुईंज, सुरूर फाट्यावर शिरवळला जाणारे रोज हात करत उभे असतात.
आणि ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावरच्या ८० ईईबी या प्राप्तिकर सवलतीचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच ती होती.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या शेडवर सोलर आहे. आज अ‍ॅडमिनच्या साहेबांना विचारलं, त्यांनी लेखी अर्ज द्या म्हणून सांगितलं. भुईंजच्या दोघी माझ्याच शिफ्टला आहेत, त्या यायला तयार आहेत.

वीजवाला दादा, एकच शंका उरली. मीटर रूम ते माझं पार्किंग अंतर बरंच आहे, भिंतीच्या कडेने चाळीसेक मीटर वायर जाईल. तेवढ्या लांबीला ४ स्क्वेअर एमएम पुरेल की ६ घ्यावी?

वीजवाला_कराड:
६ घ्या. लांबीमुळे व्होल्टेज पडतो, जाड वायरीत तो कमी पडतो. पुढे मोठा चार्जर बसवायचा झाला तरी पाइप पुन्हा उघडावा लागणार नाही. अर्जात कंपनीतल्या सॉकेटलाही वेगळा एमसीबी आणि सबमीटर मागा, म्हणजे वापरलेल्या युनिटचे पैसे तुम्हीच भरता हे त्यांनाही दिसेल आणि परवानगी लवकर मिळेल.