जाहिरात वर्तमानपत्रात आहे, पण नाटकाचे तिकीट ऑनलाइन कोठेच सापडत नाही

प्रश्न: तुंगभद्रापार

नमस्कार. माझे आईवडील पुण्यात कोथरूडला राहतात आणि मी नोकरीनिमित्त बंगळूरला असते. येत्या रविवारी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने त्यांना एका मराठी नाटकाची दोन तिकिटे काढून द्यावीत, असे मी ठरवले. नाटकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाबा हा मंच वाचतात. बाबांनीच काल वर्तमानपत्रातील जाहिरातीचे छायाचित्र काढून ‘पुढेमागे जाऊ कधीतरी’ अशा प्रस्तावनेसह मला पाठवले. त्यात यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, रविवार, सायंकाळी ५ असे स्वच्छ छापलेले आहे.

अडचण अशी की हा प्रयोग मला ऑनलाइन कोठेच दिसत नाही. तिकीटविक्रीच्या एका मोठ्या ॲपवर नाटकाचे नाव घातले, तर काहीच निष्पन्न झाले नाही. नाट्यगृहाचे नाव घातले, तर मुंबईतील एका सभागृहात होणारा गाण्याचा कार्यक्रम समोर आला. गूगलवर शोधल्यावर नाटकाचे एक पान सापडले खरे, पण ते उघडले की ‘हा कार्यक्रम उपलब्ध नाही’ एवढेच वाक्य येते. मी ॲप काढून पुन्हा टाकले, दुसऱ्या फोनवर पाहिले, कार्यालयातील लॅपटॉपवरही पाहिले. सगळीकडे तोच प्रकार आहे. तिकिटे संपली असतील, तर तसे तरी दिसायला हवे होते. प्रयोग रद्द झाला असेल का, की माझ्या शोधण्यातच काही चूक आहे? आईबाबांना विचारता येत नाही, कारण मग गुपित राहणार नाही.

उत्तर: खिडकी क्रमांक दोन

प्रयोग रद्द झाला असे समजण्याचे अजून तरी कारण दिसत नाही. आपण सांगितलेल्या तीन लक्षणांची कारणे तीन वेगवेगळी असण्याचा संभव मला अधिक वाटतो.

पहिले कारण शहराचे. ही ॲपे आधी शहर विचारतात आणि नंतर मुख्यतः त्या शहरातील कार्यक्रम दाखवतात. फोनला स्थान कळवण्याची परवानगी दिलेली असेल, तर आपल्याला न विचारताच बंगळूर निवडले जाते आणि पुण्यातील नाटक अस्तित्वातच नसल्यासारखे वागवले जाते. कार्यालयातील लॅपटॉप कंपनीच्या व्हीपीएनमधून जात असेल, तर त्याला आपण आणखीच तिसऱ्या शहरात आहात असे वाटू शकते. म्हणून शोध घेण्यापूर्वी वरच्या कोपऱ्यातील शहराचे नाव स्वतः बदलून पुणे करावे आणि मगच नाटकांच्या विभागात जावे. हा विभाग चित्रपटांच्या पानावर नसतो, हेही ध्यानात ठेवावे. भाषेची गाळणी मराठीवर आणि तारखेची गाळणी मोकळी ठेवावी.

दुसरे कारण स्पेलिंगचे, आणि ते आपल्या भाषेच्या वाट्याला जरा जास्तच येते. अनेक ठिकाणी नाटकाचे नाव रोमन लिपीतच नोंदलेले असते. ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू लिहितो. ‘ज्ञ’ मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो, हिंदी माणूस जी-वाय असा लिहितो आणि संस्कृत शिकलेला जे-एन असा लिहितो. दीर्घ ‘आ’साठी एक ए की दोन, याचा निर्णय ज्या कर्मचाऱ्याने ती नोंद केली त्याच्या त्या दिवसाच्या मर्जीवर असतो. पूर्ण नाव न लिहिता नावातील सर्वांत साधा, एकाच प्रकारे लिहिता येईल असा शब्द घालून पाहावा. तेही जमले नाही, तर मुख्य कलाकाराच्या नावाने शोधावे, कारण प्रसिद्ध नटांच्या नावांचे स्पेलिंग बरेचसे स्थिर झालेले असते.

गूगलवरून मिळालेले पान बहुधा पूर्वी होऊन गेलेल्या प्रयोगाचे असावे. प्रयोग संपला तरी त्याचा दुवा शोधयंत्राच्या वहीत पुष्कळ दिवस राहतो, त्यामुळे त्यावरून काहीच निष्कर्ष काढू नये.

उत्तर: तिसरी घंटा

वरील प्रतिसादातील तांत्रिक भाग योग्य आहे. मी काही वर्षे नाटकांच्या व्यवस्थापनात काम केले आहे, म्हणून पडद्यामागची बाजू सांगतो, कारण ती कळल्याशिवाय केवळ ॲपशी झटापट करण्यात अर्थ नाही.

वर्तमानपत्रात जाहिरात येणे आणि तिकीटविक्री सुरू होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. नाट्यगृहाची तारीख निर्मात्याला बऱ्याच आधी मिळालेली असते आणि तिच्या भरवशावर तो जाहिरात देतो. परंतु आसनांचा नकाशा, ज्याला आम्ही नुसते ‘प्लॅन’ म्हणतो, तो विक्रीसाठी प्रयोगाच्या काही दिवस आधीच खुला होतो. प्लॅन उघडेपर्यंत ॲपमध्ये तो प्रयोग नसतोच. ‘विक्री अद्याप सुरू व्हायची आहे’ असे लिहिण्याचे सौजन्य ही ॲपे सहसा दाखवत नाहीत. त्या शहरात नाटकाचा दुसरा कोणताही खुला प्रयोग नसेल, तर संपूर्ण नाटकच शोधातून नाहीसे होते. आज सोमवार आहे आणि प्रयोग रविवारी आहे, तेव्हा आपल्या बाबतीत हेच घडले असावे असा माझा अंदाज आहे. विक्री सुरू होण्याची तारीख बहुतेक वेळा जाहिरातीच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत दिलेली असते. आपल्याकडील छायाचित्रात ती ओळ आहे का, हे कृपया पाहावे.

आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे ठोक प्रयोगाची. एखादी बँक, महिला मंडळ किंवा ज्ञाती संस्था संपूर्ण प्रयोग एकरकमी विकत घेते आणि तिकिटे आपल्या सभासदांना वाटते. असा प्रयोग बाहेर विक्रीला येतच नाही. मात्र सार्वजनिक जाहिरातीत वेळ आणि नाट्यगृह छापलेले असेल, तर तो सहसा खुलाच प्रयोग असतो.

नाट्यगृहाच्या नावावरून आपली जी फसगत झाली, तीत आपला दोष नाही. पुण्यात कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, मुंबईत नरिमन पॉइंटला त्याच नावाचे सेंटर आहे आणि माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिर आहे. आचार्य अत्र्यांच्या नावाचे रंगमंदिर कल्याणला आहे तसेच पिंपरीलाही आहे. विष्णुदास भावे वाशीत आणि सांगलीतही भेटतात. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह विलेपार्ल्याला आहे आणि पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृहही त्यांच्याच नावाचे आहे. एका उत्साही गृहस्थांनी कल्याणची तिकिटे काढून पिंपरीच्या दारात उभे राहून माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता. तिकिटावर शहर छापलेले होते, पण ते कोणी वाचत नाही.

उत्तर: सदाशिव पेठी

या साऱ्या खटाटोपापेक्षा कोणा नातेवाइकाला नाट्यगृहाच्या खिडकीवर पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झाले आणि आमच्या घरात तेव्हापासून तिकीट खिडकीवरच काढले जाते. खिडकीवरील माणूस प्लॅन समोर ठेवतो, कोणत्या खुर्चीसमोर खांब किंवा कठडा येतो ते सांगतो आणि सुविधा शुल्कही घेत नाही. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, पण ॲपवाल्यांच्या शुल्कावर तो १८ टक्के लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

उत्तर: तिसरी घंटा

खिडकीविषयी आपल्याशी माझे दुमत नाही. मात्र अलीकडे काही निर्माते बहुतेक सर्व आसने ऑनलाइनच ठेवतात आणि खिडकीवर त्याच संगणकावरून तिकीट देतात, तर काही जण पुढच्या रांगा खिडकीसाठी राखून ठेवतात. त्यामुळे ॲपवर ‘हाऊसफुल्ल’ दिसले तरी खिडकीवर दोन खुर्च्या मिळू शकतात आणि क्वचित याच्या उलटही घडते. नाटकाच्या जाहिरातीत दूरध्वनी क्रमांक असल्यास बंगळूरहूनही विचारणा करता येईल. तो क्रमांक जाहिरातीतूनच घ्यावा. शोधयंत्रावर ‘तिकीट ग्राहक सेवा’ असे लिहून जो क्रमांक मिळतो, तो अनेकदा भामट्यांचा असतो आणि पलीकडचा माणूस नम्रपणे स्क्रीन दाखवायला सांगतो.

तुंगभद्रापार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्र पुन्हा पाहिले, तर बाबांनी जाहिरातीचा खालचा भाग कापलेलाच होता. फोटोत त्याऐवजी चहाच्या कपाची कड आली आहे. त्याच वर्तमानपत्राच्या ई-आवृत्तीत ती जाहिरात शोधली. तळाला ‘तिकीटविक्री बुधवारपासून’ असे होते. मी रविवार रात्रीपासून जे शोधत होते, ते विक्रीला आलेलेच नव्हते.

आज बुधवारी सकाळी शहर पुणे करून शोधले आणि प्रयोग पहिल्याच प्रयत्नात दिसला. (माझे स्पेलिंगही चुकले होते. मी व्ही लिहीत होते.) आईचे गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या नकोत, यासाठी खालच्या मजल्यावरील कडेच्या दोन खुर्च्या निवडल्या. परंतु यूपीआयने पैसे भरताना पडदा फिरत राहिला, खात्यातून रक्कम गेली आणि ॲपमध्ये ‘वेळ संपली’ असे आले. आता त्या दोन्ही खुर्च्या राखाडी दिसत आहेत आणि तिकीट आलेले नाही. लगेच दुसऱ्या खुर्च्या घ्याव्यात, की थांबावे?

उत्तर: खिडकी क्रमांक दोन

काही मिनिटे थांबावे, पण संध्याकाळपर्यंत थांबू नये. आपण खुर्ची निवडली की ती ठरावीक मिनिटांसाठी आपल्या नावावर अडकवून ठेवली जाते आणि त्या काळात ती इतरांना राखाडी दिसते. गंमत म्हणजे आपण ॲप बंद करून पुन्हा उघडले, तर आपण स्वतःही त्या ‘इतरां’मध्ये जमा होतो. पैसे पोहोचले नसतील, तर पंधरा-वीस मिनिटांत त्याच खुर्च्या पुन्हा मोकळ्या दिसतील. तोवर ॲपमधील ‘माझी तिकिटे’ हा भाग, एसएमएस आणि ईमेल तपासावे. कित्येकदा तिकीट तयार झालेले असते आणि केवळ पडद्यावर आलेले नसते.

पैशाच्या बाबतीत दोन शक्यता आहेत आणि त्यांतील फरक जाणून घेणे महत्त्वाचे आहे. रक्कम आपल्या खात्यातून गेली, पण विक्रेत्यापर्यंत तिची पुष्टी पोहोचली नाही, तर तो बँकांमधील अयशस्वी व्यवहार ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. रक्कम विक्रेत्याला मिळाली, पण तोवर खुर्च्यांची मुदत संपली होती, तर परतावा विक्रेत्याने करायचा असतो. मग बँकेकडे दाद मागून उपयोग होत नाही आणि ॲपमधील मदत विभागातच तक्रार नोंदवावी लागते. दोन्ही वेळा यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक लागतो. तो आताच लिहून ठेवावा. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुसऱ्यांदा पैसे भरताना कार्यालयाच्या वायफायऐवजी मोबाइलचे इंटरनेट वापरावे आणि यूपीआय ॲपमधून परत येताना मागे जाण्याचे बटण दाबू नये. ‘थांबा, आपला व्यवहार पूर्ण होत आहे’ हे पान आपोआप सरकू द्यावे.

तुंगभद्रापार

वीस मिनिटांनी त्याच दोन खुर्च्या मोकळ्या झाल्या आणि या वेळी तिकीटही आले. पहिली रक्कम अजून परत आलेली नाही, पण संदर्भ क्रमांक लिहून ठेवला आहे आणि पुढील सोमवारपर्यंत वाट पाहणार आहे. एक शेवटची शंका आहे. तिकीट माझ्या फोनवर आहे, आणि बाबांच्या फोनवर ते ॲप नाही व त्यांना ते घ्यायलाही लावायचे नाही. दारावर काय दाखवावे लागेल?

उत्तर: तिसरी घंटा

क्यूआर संकेत आणि आसन क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसतील असे तिकिटाचे चित्र त्यांना पाठवले, तर बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. काही ॲपांमध्ये संकेत प्रयोगाच्या काही वेळ आधीच दिसू लागतो, तेव्हा आधी पाठवलेल्या चित्रात तो आहे ना, याची खात्री करून घ्यावी. खात्री नसल्यास आरक्षण क्रमांक आणि आपला मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून द्यावा आणि त्यांनी प्रयोगाच्या अर्धा तास आधी खिडकीवर जावे. तेथील माणूस यादीत पाहून आत सोडतो. रविवारी कोथरूडला गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून रिक्षानेच पाठवा.