प्रॉमचा ड्रेस : न्यू जर्सीतल्या दुकानांतले आपले अनुभव

बकुळ
लेकीची खोली आवरताना कपाटात मागे अडकवलेली पांढरी पिशवी काल हाती आली आणि तिच्यातला प्रॉमचा, म्हणजे हायस्कूलच्या नृत्यसमारंभाचा, पोवळ्याच्या रंगाचा ड्रेस पाहून २०१७ सालचा फेब्रुवारी जसाच्या तसा आठवला. दुकान लहानसे होते. मालकीणबाईंनी माप घेण्याआधी लेकीला शाळेचे नाव विचारले, तेव्हा कपड्याचा आणि शाळेचा काय संबंध, असे मला वाटले. त्यांनी एक जाडजूड वही उघडली. तिच्यात शाळांची नावे होती आणि प्रत्येक नावाखाली तिथल्या मुलींनी घेतलेल्या ड्रेसचे नंबर आणि रंग. एकीने नेलेला ड्रेस त्याच प्रॉमसाठी दुसरीला विकायचा नाही, असा त्यांचा नियम होता. लेकीला पहिल्यांदा आवडलेला निळा ड्रेस त्या वहीमुळेच हुकला. लग्नाच्या बस्त्यात एकसारख्या बारा साड्या हौसेने बांधून घेणाऱ्या आमच्या घराण्याला हे नवीनच होते.

पुढे मापाचा नंबर पाहून लेकीचे डोळे भरून आले, कारण एरवी चार नंबरचे कपडे घालणाऱ्या मुलीसाठी बाईंनी आठ लिहिले होते. या गाऊनांचे नंबर रोजच्या कपड्यांहून निराळे असतात, छाती, कंबर आणि नितंब यांपैकी जे माप तक्त्यावर सर्वांत मोठे येईल ते धरायचे आणि बाकीचे आत घ्यायचे, हे त्यांनी तिला शांतपणे समजावले. तुमचेही अनुभव अवश्य लिहावेत.

चिंचगूळ
आम्ही रविवार निवडला, तीच चूक झाली. एडिसनहून गाडी काढून पॅरामसला पोहोचलो, तर कपड्यांचे एकही दुकान उघडे नव्हते. पॅरामस ज्यात येते त्या बर्गन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) रविवारी कपडे आणि फर्निचर विकायला कायद्याने बंदी आहे, हे या राज्यात दहा वर्षे काढूनही आम्हाला ठाऊक नव्हते. "अख्ख्या काउंटीचा उपास आहे, आपण तरी जेवून घेऊ," असे यजमान म्हणाले, कारण उपाहारगृहे मात्र उघडी होती. मुलगी जेवली नाही.

पारिजात
माझ्या सासूबाई त्या वर्षी कराडहून आल्या होत्या आणि त्यांनी चाळीस वर्षे शिवणकाम केलेले आहे. नातीने ड्रेस घालून आरशापुढच्या चौथऱ्यावर गिरकी घेतली, आम्ही सगळ्यांनी कौतुक केले, आणि सासूबाईंनी मात्र तो उतरवून मागितला, उलटा केला आणि शिवणीत माया (आत सोडलेले जादा कापड) किती ठेवली आहे, ते बोटांनी चाचपून पाहिले. काखेपाशी ती जेमतेम अर्धा इंच होती. फिटिंग करणाऱ्या बाई आणि सासूबाई यांना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता, पण दोघींच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. कुठे उसवायचे आणि खालचा घेर किती दुमडायचा, हे त्यांनी खुणांनीच ठरवले. आम्हाला कुणी विचारले नाही.

घाटमाथा
मामाच्या बाजूनेही लिहितो. माझी बहीण न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात राहते आणि भाचीला घेऊन मुद्दाम आमच्याकडे आली, कारण न्यूयॉर्क शहरात ११० डॉलर किंवा त्याहून महाग कपड्यावर ८.८७५ टक्के कर बसतो आणि न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही. वाचलेल्या पैशांत भाचीने मणी लावलेली पर्स घेतली आणि पर्सवर आमच्या राज्याने ६.६२५ टक्के कर वसूल केला. बहिणीच्या मते यात माझा दोष आहे.

कोकम
आम्ही दुकानात गेलोच नाही, तरी लिहिते. तेव्हा घरात एकच पगार होता. आमच्या गावच्या वाचनालयात देणगी म्हणून आलेले ड्रेस एका शनिवारी मांडले होते आणि हवा तो विनामूल्य नेता येत होता. तिथल्या स्वयंसेविकेने मुलीसाठी पडदा ओढला, पाठीमागची झिप लावून दिली आणि एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकासारखे सहा ड्रेस एकामागून एक दाखवले. बाहेर येईपर्यंत मी मान वर केली नव्हती. मुलीने केली होती.

बकुळ
कोकमताई, हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

चकली
आमच्याकडे निराळाच प्रसंग घडला. माझ्या लग्नातल्या येवल्याच्या पैठणीचा गाऊन शिवावा, पदर पाठीवर यावा, असे चिरंजीविनींनी सुचवले. मी कपाटाची किल्ली लपवली. शेवटी एडिसनमधल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरून घागरा घेतला. तो सुंदरच होता, पण आतल्या कॅनकॅनमुळे (घेर फुगवणाऱ्या कडक जाळीच्या थरामुळे) गाडीच्या मागच्या आसनावर ती एकटीच मावली आणि बरोबरचा मुलगा पुढे चालकाशेजारी बसून गेला. (घागऱ्याची कंबर सैल करून देणारे कुणी एडिसनमध्ये माहीत असल्यास कळवावे. आता तो मला हवा आहे.)

डिंकलाडू
एक सावधगिरी सांगते. आम्ही जानेवारीत मागणी नोंदवली, पूर्ण रक्कम भरली, आणि प्रॉमला नऊ दिवस उरले असताना ड्रेस आला तो पाचूच्या रंगाऐवजी पोपटी. पावतीवर परतावा मिळणार नाही असे छापलेले होते, पण ड्रेस कधी येणार, याची तारीख नव्हती. ती लिहून घ्यावी, शक्यतो प्रॉमच्या सहा आठवडे आधीची. रंगाचा क्रमांकही लिहून घ्यावा. फिटिंगला जाताना त्या दिवशी घालायच्याच चपला बरोबर न्याव्यात, नाहीतर खालच्या घेराची उंची चुकते. पोपटी रंग तिला शोभला, हे मी दुकानदाराला अजून सांगितलेले नाही.

मोगरी
बकुळताई, तो पोवळ्याच्या रंगाचा ड्रेस कुणाला द्यायचा विचार आहे का? माझी मुलगी यंदा जूनमध्ये प्रॉमला जाणार आहे. उंचीने आपल्या लेकीहून थोडी जास्त असावी.

बकुळ
आनंदाने न्यावा. खालचा घेर कापलेला नाही, दीड इंच आत दुमडलेला आहे. उसवला की उंची मिळेल. आधी शाळा कोणती, ते मात्र सांगा. गेल्याच महिन्यात त्याच्या फोटोवरून शेजारच्या मुलीने हुबेहूब तसाच शोधून घेतला आहे.